हॅरीच्या हातून घेतलेला माइक

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून माझी साधी विडीसुद्धा लपत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जरा सोपं जातंय इतकंच.

हॅरी आठवतो का? शहापूर-मुरबाडकडचे असाल तर आठवेलच. खरं नाव हरेश, डोळखांबकडच्या पाड्यावरचा. नव्वदच्या दशकात वाशिंदच्या कारखान्यात कामाला असताना कुणाच्या तरी खोलीवर त्याने परदेशी रॉकच्या कॅसेटी ऐकल्या, आणि पोरगं बिघडलं. मानेपर्यंत केस वाढवले, कुठून तरी जुनी इलेक्ट्रिक गिटार पैदा केली आणि लग्नाहळदीत वाजवणाऱ्या आमच्या बेंजो पार्टीत येऊन हळदीची गाणी गळ्याच्या शिरा ताणून म्हणायला लागला. म्हातारे चिडले. मग तेच म्हातारे नाचले. इंग्रजीचा एक शब्द त्याला धड येत नव्हता, पण त्याने सूर लावला की नवरदेव हळदीच्या अंगाने पाटावरून उठून नाचायचा.

मी कॅशिओ वाजवायचो. गायचोही — बरा गायचो. पण बरा म्हणजे किती, ते हॅरीशेजारी उभं राहिल्यावर कळतं. मी तोंड उघडलं की मांडव ओरडायचा, "हॅरीला दे रे! हॅरीला!" वर्षानुवर्षं हेच. मी हसून द्यायचो. दुसरं काय करणार?

गाण्याचा माइक आमच्याकडे एकच. पार्टीची रीत अशी, की तो खाली ठेवायचा नाही. आपलं कडवं संपलं की थेट दुसऱ्याच्या तोंडाशी धरायचा. किती मांडवांत त्याने तो माझ्या तोंडाशी धरला असेल!

मग तो वाळायला लागला. ताप, जुलाब, तोंडात फोड. कल्याणच्या इस्पितळात मीच नेलं त्याला. एड्स. तेव्हा आमच्याकडे हे नाव कुणी मोठ्याने घेत नसे, आणि औषधं आमच्या आवाक्यातली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं, की एकत्र जेवून, एका ग्लासातून पिऊन हा आजार लागत नाही. मी विचारलं, आणि माइक? त्या म्हणाल्या, खुशाल गा.

बाहेर टपरीवर हॅरीने माझा हात धरला. "कोनाला बोलू नको रे. माजं गानं बंद पाडतील." मी त्याच्या हातातला अर्धा चहा घेऊन पिऊन टाकला. त्याला खात्री पटावी म्हणून. पटली होती.

पुढे मुरबाडकडे एक हळद होती — बघा, सांगायला मी किती वेळ लावतोय.

त्याला धाप लागत होती, तरी मांडव पेटला होता. कडवं संपलं, त्याने माइक माझ्या तोंडाशी धरला. मी ओळ उचलली मात्र, मांडव ओरडला, "हॅरीला दे!" मी थांबलो. माइक त्याच्या हातून घेतला. खिशातून रुमाल काढला आणि सगळ्यांसमोर माइकची जाळी पुसली. सावकाश. मग रुमालाची घडी उलटून पुन्हा पुसली.

बोललो काहीच नाही. गरजच काय होती? तो किती वाळलाय, हे सगळे बघतच होते. पुढे बसलेल्या बायका आपापल्या पोरांना मागे ओढू लागल्या. मग मी गायलो. पूर्ण गाणं गायलो. कुणीही हॅरीला दे म्हणालं नाही.

त्यानंतर सुपारी द्यायला येणारे आधी विचारत, "तो नाय ना येत?" तो पुन्हा कधीच गायला नाही. पाड्यावर त्याच्या आईला विहिरीवर येऊ देईनात.

लोकांना वाटलं, मी घाबरलो. पुढे आजाराची माहिती झाल्यावर त्यांनी मला मोठ्या मनाने माफही केलं — तेव्हा कुणाला काय कळत होतं, म्हणाले. मला कळत होतं. मी घाबरलो नव्हतो हो. मला गायचं होतं.

आता प्रत्येक हळदीत पोरं त्याच्यासारखीच गातात, त्याच्यासारखे केस वाढवतात. त्याच्या फोटोला हार घालायला मला स्टेजवर बोलावतात. हॅरीचा जिवाभावाचा दोस्त. मी जातो. हार घालतो.

तो जायच्या थोडं आधी मी पाड्यावर गेलो होतो. अंथरुणाला खिळलेला, आवाज गेलेला. त्याच्या आईने दोन ग्लासांत कोरा चहा आणला. हॅरीने मला जवळ बोलावलं आणि घशातून कसेबसे शब्द काढले. "तो कडंचा गिलास तुजा. आयेनं येगला ठेवलाय. मी हात नाय लावला त्याला. भिऊ नको."

त्याच्या ग्लासातून एक घोट घेतला असता, तर त्याला कळलं असतं की मला भीती कधी नव्हतीच. मग माइक का पुसला, हेही कळलं असतं.

मी वेगळा ठेवलेला ग्लास उचलला आणि त्यातून प्यायलो. ते बघून त्याला बरं वाटलं.