मामींचे हात कुठे थांबले

गावभर त्यांना खिळेमामा म्हणत. पोरवयात छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला लागले, आणि खिळ्यांचा जमाना गेला तरी नाव काही सुटलं नाही. पुढे त्यांनी स्वतःचं प्रकाशन काढलं. प्रकाशन म्हणजे काय, तर घराची पुढची खोली, एक टेबल, छताला टेकलेले पुस्तकांचे गठ्ठे आणि मागच्या खोलीत मामी. मालक, मुद्रितं तपासणारा, हमाल, सगळं मामा एकटेच. पण कुठलं पुस्तक काढायचं हे मात्र मामी ठरवायच्या, आणि तेही तोंडातून अक्षर न काढता.

म्हणजे कसं, तर संध्याकाळी मामी शेंगा नाहीतर लसूण सोलायला बसायच्या आणि मामा समोर बसून आलेलं हस्तलिखित मोठ्याने वाचायचे. मजकूर रटाळ असला की मामींचे हात यंत्रासारखे चालायचे. गोष्टीने पकड घेतली की शेंग अर्धी उघडी राहायची. हात थांबले की पुस्तक पास, हे गावभर ठाऊक होतं. एका कवीची वही ऐकता ऐकता मामींनी आठवड्याचा लसूण सोलून टाकला. निकाल विचारायला आलेला कवी बिचारा वासावरूनच काय ते समजला आणि दारातून परत फिरला.

यंदाचं नवं पुस्तक एका शिक्षिकाबाईंची कादंबरी होती. पहिलीच, आणि चांगली जाडजूड. ती वाचताना मामींचे हात पहिल्या प्रकरणात थांबले ते थांबलेच, म्हणून मामांनी नेहमीपेक्षा जास्त प्रती छापल्या. गठ्ठे आले, सभागृह ठरलं, आमंत्रणं गेली.

आणि समारंभाच्या आदल्या संध्याकाळी घोटाळा झाला. मामा पुढच्या पुस्तकाचं हस्तलिखित वाचत होते. म्हातारीच्या मरणाचा प्रसंग, मामांचाच आवाज जड झालेला. त्यात दोन पानं एकमेकांना चिकटलेली. मामा थेट म्हातारीच्या नातीच्या लग्नात जाऊन पोचले. "वाढा की अजून, व्याही उपाशी राहतील," असं वाचलं तेव्हा कुठे चूक ध्यानात आली. वर बघतात तो मामी डोळे पुसताहेत.

मामांनी मान खाली घातली आणि वाचनाच्याच सुरात म्हणाले, "अगं, दूध उतू जातंय."

मामींनी सुस्कारा सोडून मान डोलावली.

मामांनी कागद बाजूला ठेवले. तिच्यासमोर वाकून, कानाकडे बोट दाखवून विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष होत आलं," मामी शेंगेकडे बघत म्हणाल्या. "तोंड समोर असलं की निम्मंअर्धं कळतं. वाचताना तुमची मान खाली असते, मग काही कळत नाही."

"सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वाचणं बंद केलं असतं. मग दोघांनी बसून काय करायचं, भिंत बघायची?"

"मग हात कशाच्या जोरावर थांबवत होतीस?"

"तुमच्या तोंडाकडे बघून. आवडलं की तुमच्या भुवया चढतात आणि पान उलटायचं विसरता."

हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा, मामांना कळेना. म्हणजे बाईंची कादंबरी मामींनी नव्हे, त्यांनी एकट्यानेच पास केली होती. आणि स्वतःच्या पसंतीवर मामांचा काडीचा भरवसा नव्हता. लग्नाआधी आपल्या मनाने काढलेलं एकुलतं एक पुस्तक अजून माळ्यावर धूळ खात होतं.

"उद्या कुणाला बोलू नका हं," मामी म्हणाल्या. "लोक माझ्याशी ओरडून बोलायला लागतील."

दुसऱ्या दिवशी सभागृह बऱ्यापैकी भरलं. बाई माइकसमोर उभ्या राहिल्या. "माझी कादंबरी मामींनी पास केलीय. मामी, हात कुठे थांबले ते सांगा ना सगळ्यांना."

मामी पहिल्या रांगेत नुसत्या हसत होत्या. माइकमागे बाईंचं तोंड झाकलेलं.

"मामी, लाजताय काय," मागून कुणीतरी म्हणालं.

मामा घाईने उठले. "सांगायचं कशाला, दाखवतोच," असं म्हणून वेळ मारून न्यायला त्यांनी आपला आवडता प्रसंग वाचायला घेतला. पण धास्तीने कपाळाला आठ्या पडल्या होत्या, आणि पान कधी संपतंय असं झालं होतं. मामींनी ते तोंड पाहिलं. त्यांचे हात मांडीवरच्या पिशवीचा बंद पिळत होते, ते पिळतच राहिले. लोक एकमेकांकडे बघू लागले. बाईंचा चेहरा उतरला.

मामांनी पुस्तक मिटलं. "हिला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं. ही कादंबरी मी पसंत केलीय. मला फार आवडलीय. बुडाली तर मला धरा."

टाळ्या पडल्या, पण विचारात पडल्यासारख्या. थोड्या प्रती गेल्या, गठ्ठे बहुतेक तसेच परत आले. निघताना बाईंनी एवढंच विचारलं, "मला आधी का नाही सांगितलं, मामा?" आणि मामी घरी येईपर्यंत मामांकडे बघायलाच तयार नव्हत्या.

संध्याकाळी मामांनी सवयीने हस्तलिखित उघडलं. मामींनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि शेंगांची टोपली त्यांच्यापुढे सरकवली.

"डोळे आहेत मला अजून," त्या म्हणाल्या, आणि मनातल्या मनात वाचायला लागल्या.

मामा शेंगा सोलत समोर बघत बसले. एक पान उलटलं, मग दुसरं. आवडतंय की नाही, पत्ता लागेना. इतकी वर्षं त्यांनी तिचे हात तेवढे पाहिले होते, तोंड कसं वाचायचं ते शिकायचं राहूनच गेलं होतं. खोलीत शेंगा मोडल्याचा आवाज येत होता, आणि तो एकट्या मामांनाच ऐकू येत होता.