दोन्ही वाटा हिरव्या दिसत होत्या

आमची वस्ती पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात, गावापासून लांब. वस्तीला वाट एकच, तीही शेजाऱ्याच्या बांधावरून. भांडण झालं की शेजारी बांधावर बाभळीच्या फांद्या आणून टाकायचा आणि आमचं दूध घरीच राहायचं. म्हशीला हे कोण सांगणार? ती वेळेवर पान्हा सोडायचीच. घरात रोख पैसा यायचा तो दुधाचा, त्यामुळं वाट बंद म्हणजे तेल-मीठ बंद. दादा, म्हणजे माझे वडील, तहसीलच्या चकरा मारून थकले, पण दुसरी वाट काही निघाली नाही. शेवटी माझी शाळा बुडू नये म्हणून त्यांनी मला भोकरदनला वसतिगृहात टाकलं. तिथून पुढं जालन्याचं कॉलेज. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत तात्पुरती नोकरी लागली. काम कॉम्प्युटरच्या खोलीचं. तिथं दोन मोठे सर्व्हर, आणि त्यांच्या पोटात चालणारी बरीच आभासी यंत्रं. एक वजनकाट्याचं, एक बिलांचं, एक उगवणशक्तीच्या तपासणीचं. हात लावायला जावं तर तिथं काहीच नाही, पण त्यांच्याशिवाय एक ट्रक गेटाबाहेर जात नाही. या सगळ्यांची माहिती मात्र तिसऱ्याच एका डब्यात, स्टोरेजमध्ये. म्हणून प्रत्येक सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत दोन केबल. एक तुटली तर दुसरीवरून काम चालू. हे मला वाचताक्षणीच पटलं होतं. कंपनीचे मालक शेठजी, त्यांना मी छाती ठोकून सांगितलं, "दोन वाटा आहेत, बंद पडणारच नाही."

दसऱ्यानंतर, हरभऱ्याचं बियाणं जायच्या दिवसांत, भर दुपारी सगळं एकदम थांबलं. काटा थांबला, बिलं थांबली, ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले. स्टोरेजला दोन कंट्रोलर असतात, एक वर, एक खाली. दोन डोकीच म्हणा, एक झोपलं तरी दुसऱ्यानं काम बघायचं. त्यातलं वरचं आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं होतं. पण खालचं तर जागं होतं! मग? थोड्या वेळानं सगळं आपसूक चालू झालं आणि माझा गोंधळ सुरू झाला.

शेठजी खोलीत आले. त्यांचं घराणं राजस्थानातून येऊन पिढ्यान् पिढ्या जालन्यातच आहे.

"बेटा, दोन रस्ते होते ना? मग गाडी अटकली कुठं?"

"तपासून राह्यले, शेठजी."

"बराबर, तपास. पण पुन्हा असं झालं तर मी हे काम पुण्याच्या एजन्सीला देऊन टाकीन. मग तुला काय एसीची हवा खायला ठेवू?"

मी स्क्रीनसमोर बसले. प्रत्येक सर्व्हरपुढं दोन वाटा, दोन्ही हिरव्या. एक केबल काढली, काम चालू. ती लावून दुसरी काढली, तरी चालू. म्हणजे वाटा चांगल्या, डबा चांगला, सर्व्हर चांगले. मग बिघडलंय काय, माझं डोकं? माहिती एकाच वाटेनं पाठवायची की आलटून पालटून, ते सेटिंग बदललं आणि परत होतं तसं केलं. पुस्तिकेतलं इंग्रजी सगळं समजत होतं, आणि तरी काही समजत नव्हतं.

संध्याकाळी दादांचा फोन आला. "आवाज असा का गं तुझा?"

"दोन वाटा हायत दादा, दोन्ही चालू हायत, तरी सगळं अडकलं."

"असं कसं? आपल्याला तर एक धड मिळाली न्हाई, अन् तुमचं दोन असून अडकतंय?"

तेच तर मला कळत नव्हतं.

सकाळी मी स्क्रीनकडं बघायचंच नाही असं ठरवलं. केबलवर बोट ठेवलं आणि सरकवत शेवटपर्यंत नेलं. पहिली वरच्या कंट्रोलरमध्ये. दुसरीही वरच्याच. दुसऱ्या सर्व्हरच्याही दोन्ही तिथंच. खालच्या कंट्रोलरची भोकं रिकामी, आणि एका भोकात झेंडूची वाळकी पाकळी.

तेव्हा आठवलं. खंडेनवमीला आम्ही सगळं बंद करून, केबल काढून, पुसून घेतलं होतं. स्टोरेजला हळदकुंकू लावलं, माळ घातली. खालचा कंट्रोलर माळेमागं झाकला गेला, आणि मग सगळ्यांनी हौसेनं हाताला आली ती केबल दिसेल त्या भोकात लावली. स्क्रीन नुसत्या वाटा मोजत होती. चारही वाटा एकाच डोक्याला जात होत्या.

तरी खात्री वाटेना. काम न थांबवता प्रत्येक सर्व्हरची एक केबल खाली हलवली आणि शेठजींना बोलावलं.

"वरचा कंट्रोलर बंद करते."

"आत्ता? ट्रक उभे आहेत, बाई!"

"म्हणूनच आत्ता."

बंद केला. स्क्रीनवर निम्म्या वाटा लाल झाल्या. मी काट्याकडं कान लावला. हे बरोबर की चूक, तेच क्षणभर उमगेना. तेवढ्यात बाहेरून काट्यावरच्या माणसाची आरोळी आली, "पुढची गाडी घ्या!"

शेठजींनी पाकळी उचलली. "ही माळ कुणी घातली होती?"

"तुम्हीच, शेठजी."

"हं. पुढच्या वर्षी दरवाजाला घालू."

दादांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग नोकरी ऱ्हायली ना?"

"ऱ्हायली."

वस्तीची वाट अजून तशीच आहे. पुण्याची एजन्सी आली नाही. ती खोली आता माझ्या जबाबदारीवर आहे, आणि मी नोकरीत कायम झाले.