आजोबांच्या कॉलरचा माइक

सगळं युनिट त्यांना मामा म्हणायचं, पण खरे मामा ते एकीचेच, दिग्दर्शक पोरीचे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांचे आवाज टिपले आणि हेडफोनमध्ये ऐकलेलं कुणाचं काही बाहेर फोडलं नाही. आता भाचीचा पहिलावहिला सिनेमा म्हणून फुकट राबत होते. युनिट म्हणजे मोजून सहा टाळकी.

सिनेमाची गोष्ट मोठी तिरकस होती. एक एकटा म्हातारा स्वतःच्याच घरात चोरीचं नाटक करतो. का? तर तक्रार लिहून घ्यायला पोलीस येईल, बसेल, चार प्रश्न विचारेल. म्हाताऱ्याचं काम घरमालक आजोबाच करत होते. जन्मभर लिफ्ट चालवलेला माणूस. पण 'घर वापरा, मला घ्या' ही त्यांची अटच होती.

आज शेवटचा प्रसंग होता आणि तोच अडला होता. पोलीस विचारतो, "काय काय गेलं?" आणि आजोबा पाठ केलेली यादी घडाघडा म्हणून मोकळे. सात टेक वाया गेले. घर विकलेलं होतं, उद्या आजोबांचा मुलगा चाव्या घेऊन जाणार होता. भाचीचा जीव टांगणीला लागला.

"मामा, शेवट नाही तर सिनेमाच नाही," ती म्हणाली आणि तिने दहा मिनिटांची सुट्टी दिली.

त्या सुट्टीत मामांनी अगदी नवशिक्याची चूक केली. आजोबांच्या कॉलरचा माइक बंद करायचा राहिला आणि रेकॉर्डरही चालूच राहिला.

आजोबांनी बाथरूमचं दार लावून मुलाला फोन केला. "येतोस का रे बघायला? घर माणसांनी भरलंय नुसतं." पलीकडून काहीतरी तुटक आलं आणि फोन कट झाला. ती टूं-टूं मामांना हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू आली. आजोबा मात्र बोलतच राहिले. "हो, जेवलो. गोळ्यापण घेतल्या. तू नको धावपळ करू. आईचा बटणांचा डबा तेवढा नेतोय मी बरोबर. बाकी राहू दे सगळं."

तेवढ्यात भाची तरातरा आली, तिला रेकॉर्डरचा लाल दिवा दिसला. "काही मिळालं का?"

ही पोरगी ते सिनेमात घालणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी बटण दाबलं आणि सगळं पुसून टाकलं.

"नळाचं पाणी," ते म्हणाले. भाचीशी ते आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले.

मग ते आजोबांकडे गेले. "माझं चुकलं. माइक चालू राहिला होता. मी ऐकलं सगळं."

शिव्या खायच्या तयारीने ते उभे होते. आजोबांचा चेहरा मात्र उजळला. "मग तेच घाला की शेवटी! मला पाठ केलेलं जमत नाही हो. पोरीचंही काम होईल. आणि तोही ऐकेल कधीतरी."

मामांना मान वर करवेना. "पुसलं मी ते. म्हटलं, तुमचं घरातलं घरात राहावं."

"मला विचारायचंत तरी."

मामांनी घाईघाईने रेकॉर्डर सुरू केला. "परत बोला. आत्ता. मी आहे इथे, ऐकतोय."

आजोबा हातातल्या फोनकडे बघत राहिले. "तेच तर," ते म्हणाले. "मघाशी ऐकायला कुणी नव्हतं. आता तुम्ही आहात."

भाचीने आठव्या टेकसाठी हाक मारली. पोलिसाने विचारलं, काय काय गेलं? मामांनी हेडफोन घट्ट दाबून धरला, आणि आजोबांनी यादी म्हटली, एकही शब्द न चुकता.