स्टँडवरचा लाल बगळा

चार माणसं आणि किटलीभर चहा जमला, की किस्से लोणच्यासारखे मुरत जातात. आमच्या कमरीपेठेत गुंडूअण्णाच्या दुकानात तर बरणी कधीच भरलीय!

अण्णा काचेच्या नळ्या तापवून, वाकवून निऑनच्या पाट्या करायचा. एलईडी आली, पाट्या गेल्या. तेवढ्यात हुबळीच्या बस स्टँडवर शोभेसाठी काहीतरी करायचं काम आलं. अण्णाने जीव ओतून निऑनचा उडणारा लालभडक बगळा केला. स्टँडवरचे साहेब मान वाकडी करून म्हणाले, "एक तक्रार येऊ दे, उतरवतोच!"

*

बगळा पेटला त्याच दिवशी एका बाईंनी अण्णाला गाठलं. "खानावळ कुठल्या बाजूला?"

"अक्का, ही जाहिरात नव्हे. कला आहे, कला!"

"असू दे की. जेवायला कधी वाढतात?"

*

अळणावरकडचे एक आजोबा थंडीत बगळ्यापुढे तळवे धरून बराच वेळ उभे. शेवटी वैतागले. "एवढी लाल शेगडी, आणि ऊब म्हणून नाही!"

*

मळमड्डीचे एक निवृत्त मास्तर बससाठी थांबले, की लोकांना बगळ्याचा अर्थ सांगायचे. सोमवारी तो आत्मा, मंगळवारी लोकशाही. बुधवारी अण्णाच हात जोडून म्हणाला, "सर, आज काय केलंय मी?"

*

कंडक्टर मंडळींनी मात्र त्याची कोंबडी केली. "धारवाडवाले कोंबडीखाली थांबा!" अण्णा रोज भांडायचा. एकदा भर भांडणात त्याचा फोन वाजला. पलीकडून वहिनी: "अहो, कुठं आहात? मी कधीची कोंबडीखाली उभी आहे!"

*

आणि तक्रार आलीच. त्या खानावळवाल्या बाईंचीच! "बोर्ड आहे, जेवण नाही."

संध्याकाळी साहेब वायरमन आणि शिडी घेऊन हजर. अण्णाचा चेहरा बघवेना. वायरमन शिडी चढला, आणि नेमका तेव्हाच टायमरने बगळा पेटला. साहेबांचे हात आपोआप जोडले गेले!

"बंद करू, साहेब?" वरून वायरमन.

"अरे, दिवेलागणीला दिवा मालवतात का? उद्या ये!"

दुसऱ्या दिवशी शिडी आली, साहेब आले, बगळा पेटला. तिसऱ्या दिवशीही तेच. महिनाभर हेच चाललं, तेव्हा वायरमन कंटाळून म्हणाला, "साहेब, उद्या सकाळीच येऊ का?"

साहेब चपला परत पायात घालत म्हणाले, "सकाळी मला वेळ नसतो."