फाइलीत कापूस सापडत नाही

भाषांतराच्या धंद्यात राग पोटात ठेवता येत नाही, मग तो किस्से होऊन बाहेर पडतो. अमरावतीत बसस्टँडजवळ एका झेरॉक्सवाल्याच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. शेतकऱ्यांसाठीचे एसएमएस, बियाण्यांची माहितीपत्रकं, फवारणीची लेबलं, सगळं इंग्रजीतून मराठीत. वावरात पीक हातचं जात होतं, अन् सल्ल्यांचं पीक मात्र जोरात! मी, अचलपूरहून रोज एसटीनं येणारी शाहीन, आणि अकोल्यात बसून फोनवरून हाकणारे मॅनेजर ढोरेसाहेब. चहा आला की एका किश्श्याला दुसरा लागून येतोच.

*

नवं सॉफ्टवेअर आलं. ढोरेसाहेबांनी त्यातल्या प्रगत शोधात 'फक्त पूर्ण शब्द' वर टिक केली, 'कापूस' टाकलं, आणि मला फोन!

"अहो, अख्ख्या फाइलीत कापूस एकदाच? काय केलं तुमी आठ दिवस?"

"साहेब, 'कापसाला' आहे, 'कापसावर' आहे. नुसतं 'कापस' टाका, अन् ती टिक काढा."

"कंपनीनं ती सोय ठेवली म्हंजे काही विचार करूनच ठेवली असंन ना!"

मला लेखी ताकीद मिळाली. कापसाच्या बाजारपेठेत, अकोल्यात बसून माणूस म्हणतो, कापूस नाही!

*

कपाशीच्या झाडाला आमच्याकडे पराटी म्हणतात. आमचं काम तपासणाऱ्या पुण्याच्या परीक्षक बाईंना ते खटकलं. कोणता शब्द कोणी लिहिला, हेही शोधता यायचं. त्यांनी फिल्टर लावला आणि फोन केला. तो शाहीननंच उचलला.

"इथे शाहीन असं नाव दिसतंय. मराठी कोणी केलंय?"

"मीच, मॅडम."

"तसं नाही हो. मूळ मराठी कोणाचं?"

"माह्या अम्मीचं! पराटी निंदता निंदता शिकवलं तिनं मले."

फोन कट. संध्याकाळपर्यंत सगळ्या पराटीची कपाशी झाली. शाहीननं डबा उघडलाच नाही. म्हणाली, "मले हाकललं असतं तं चाललं असतं. शब्द काहून हाकलला?"

*

हवामानाचा मेसेज आला: ऑरेंज अलर्ट. सॉफ्टवेअर जुनी भाषांतरं आपोआप सुचवायचं. आधीचं काम वरूडच्या संत्राबागांचं, म्हणून त्यानं सुचवलं 'संत्रा'. मी म्हटलं, फक्त हवामानाच्या फाइलींत शोधू, तशी सोय आहे. साहेब म्हणाले, "टाइम नाही. मंजूर करा!"

'संत्रा इशारा' वरूडभर गेला. तोडलेल्या संत्र्यांचा ढीग उघड्यावर ठेवलेल्या एका बागवाल्याचा फोन आला. "संत्रा इशारा म्हंजे काय जी? भाव पडून राहिला का?"

मी सांगेस्तोवर त्याच्या मागे टिनावर गारा वाजू लागल्या.

चौकशी झाली. मंजूर कोणी केलं, ते शोधलं. नाव माझंच निघालं!

*

एका कीटकनाशक कंपनीचा टायवाला आला. "लेबलवर 'विष' नको. वाचायला बरं वाटत नाही. 'औषध' करा. इकडचे लोकही औषधच म्हणतात ना?"

शाहीन म्हणाली, "लोक म्हणतात, सर. बाटलीवर तरी खरं राहू द्या."

तो स्वतःच कॉम्प्युटरपुढे बसला. शोधा 'विष', बदला 'औषध', सगळीकडे! एका बटणात 'विषयी'चं 'औषधयी' झालं, 'विषाणू'चं 'औषधाणू'. दोन दिवस आम्ही दोघी ते निस्तरत होतो.

मग लेबल लोकांना कळतं का, हे पाहायला नांदगाव खंडेश्वरहून गणपतकाकांना बोलावलं. तीस वर्षं कास्तकारी केलेला माणूस. ढोरेसाहेबही अकोल्याहून आले. टायवाल्यानं आधी 'फक्त पूर्ण शब्द' वर टिक करून शोध लावून दाखवला: 'विष', शून्य. स्वारी खूश! मग काकांच्या हाती बाटली दिली.

काकांनी चष्मा चढवला, लेबल शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं आणि झाकण फिरवलं.

"औषध हाय तं जराकसं चाखून पाहू का जी?"

टायवाला खुर्चीतून उडालाच. "अहो काका, विष आहे ते!"

काकांनी झाकण घट्ट लावलं. बाटली त्याच्यापुढे ठेवली.

"मंग तसं लिहा ना, बाप्पा."