गुलशनचा नवरा

तालमीसमोर मणेरांचं काकणांचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. उंबऱ्याशी पाट टाकून खैरुनबी बसलेली असते. पंच्याहत्तरी कधीच ओलांडली. गुडघे गेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहिलंय. पण बोटं अजून मऊ आहेत. हात कितीही आडमाप असू दे, अंगठ्याखालचं हाड ती असं काही दाबते की काकण मनगटात उतरल्याचं बाईला कळतसुद्धा नाही.

हल्ली दारात येणाऱ्यांतल्या निम्म्यांना काकणं नकोच असतात. ते पुस्तकासाठी येतात.

समोरच्या दुमजली घरात आक्का राहायच्या. सगळी गल्ली त्यांना आक्काच म्हणायची. बाहेर त्या मोठ्या लेखिका. शाळेत गेलेल्या प्रत्येकानं त्यांचं नाव ऐकलेलं. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबरीत गुलशन नावाची एक काकणवाली आहे. शेवटच्या प्रकरणात गुलशनचा नवरा पायरीवर बसतो आणि तिच्यासमोर एकेक काकण फोडत जातो. ती रडत असते. सगळी काकणं संपल्यावर तो तिचा हात धरतो. पायरी लाल होते. तिथं पुस्तक संपतं. हे प्रकरण अभ्यासक्रमाला आहे. त्याचं नाटक झालं. मुली ते वाचून रडतात आणि मग रिक्षा करून ही गल्ली शोधत येतात.

येणारे विचारतात, हीच का ती पायरी. पायरीचे फोटो काढतात. एका पाहुण्या प्राध्यापिकेनं तर खैरुनबीचं मनगट बघायला मागितलं होतं. खैरुनबीनं दाखवलं. मनगटावर काही नव्हतं. बाई जरा हिरमुसल्या आणि म्हणाल्या, काळ सगळं पुसतो.

पहिली काही वर्षं खैरुनबी समजावून सांगायची. मग अर्धंच सांगू लागली. आता सांगतच नाही. सांगून सांगून माणूस दमतो. ऐकणारे रोज नवे असतात, सांगणारी एकटीच.

पुस्तकात त्या नवऱ्याला नाव नाही. नुसता 'तिचा नवरा'. खऱ्याला होतं. मौलाली.

मौलाली मालाचा फार काटेकोर होता. काचेच्या काकणात केसाएवढी चीर असली तर ती डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. रोज संध्याकाळी तो पायरीवर बसायचा. मूठभर काकणं अंगठ्यात अडकवायचा, कानाशी धरायचा आणि एकमेकांवर हलकेच वाजवायचा. चांगलं काकण किणकिणतं. चीर गेलेलं बद्द बोलतं. बद्द बोललं की मौलाली ते तिथल्या तिथं पायरीवर आपटून वाढवायचा. फोडलं असं तो कधी म्हणायचा नाही. तसलं काकण चुकून कुणाच्या हातात गेलं, तर भरताना तुटून शीर कापली जाते. ठेवलं तर विकायचा मोह होतो, म्हणून ठेवायचंच नाही. ही त्याच्या बापाची शिकवण.

एक शिकवण त्याच्या आईची होती. लग्न होऊन खैरुनबी या घरात आली तेव्हा सासूनं तिला पहिल्यांदा तीच दिली. काकणं भरताना बाई हात आपल्या हातात देते. हात सगळं सांगतो. कोण किती राबतंय, कुणाला दिवस गेलेत, कोण मार खातंय. मनगट बघायचं. पण एका दाराची गोष्ट दुसऱ्या दारात न्यायची नाही. नेली तर उद्या कुणी हात देणार नाही.

ज्या संध्याकाळचं पुस्तक झालं, त्या संध्याकाळी कागलहून निरोप आला होता. खैरुनबीची आई गेली होती. शेवटची गाडी यायला अवकाश होता. खैरुनबी उंबऱ्यात बसून रडत होती. मौलालीला बोलून धीर देता यायचा नाही. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. हातांना काहीतरी हवं म्हणून त्यानं रोजचं काम काढलं. त्या दिवशीची पेटी खराब निघाली. एकेक काकण कानाशी धरायचा, वाजवायचा, वाढवायचा. मग दोघं उठले, दार लावलं आणि स्टँडवर गेले.

एवढंच झालं होतं. वरच्या खिडकीत आक्का उभ्या होत्या.

पुस्तक आलं, त्याला बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आले. खैरुनबीला सातवीपर्यंतचं वाचता येत होतं. तिनं ते आठ-दहा दिवसांत संपवलं आणि मौलालीला शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. शेवटी त्यानं विचारलं, त्यात आईचं काही हाय का. नव्हतं.

चहाच्या गाड्यावर चेष्टा सुरू झाली. मौलाली, आज किती फोडलीस, असं कुणीतरी विचारायचं. तुझ्या बायकूच्या मापाची तेवढी ठेवल्यात, असं तो हसून म्हणायचा. पण नंतर नंतर परगावची माणसं पायरीपाशी थांबून बघू लागली. तेव्हा त्यानं काकणांची पेटी उचलली आणि मागच्या खोलीत नेली. मरेपर्यंत तो संध्याकाळी मागंच बसायचा. भिंतीकडं तोंड करून काकणं वाजवायचा. पायरीवर पुन्हा बसला नाही.

नुजहत ही त्याची नात. ती बी. ए.ला मराठी घेऊन बसली आणि पुस्तक घरात परत आलं. परीक्षेत प्रश्न होता, गुलशनच्या नवऱ्याच्या क्रौर्याचे स्वरूप स्पष्ट करा. बाप काशिफ शिरोलीच्या फाउंड्रीत आहे. तो पाळी संपवून आला तेव्हा नुजहतनं त्याला विचारलं, आता हे मी कसं लिहायचं होतं. पुस्तकात हाय ते लिहायचं आणि मार्क घ्यायचे, तो म्हणाला. तिनं तेच केलं होतं. मार्क चांगले पडले. निकालाच्या दिवशी पोरगी जेवली नाही.

यंदा पुस्तकाला पन्नास वर्षं झाली. आक्कांना जाऊनही बरीच वर्षं झाली. तालमीच्या मंडळानं ठरवलं, गल्लीचं नाव झालंय तर गल्लीनंही काहीतरी करावं. तालमीच्या लांब भिंतीवर पुस्तकातला प्रसंग रंगवायचा. पृथ्वीराज नावाचा चित्रकार पोरगा आला. त्यानं शिडी लावून खडूनं रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खैरुनबीनं दुकानाची फळी काढली आणि समोर मौलाली दिसला.

मौलालीच होता. तीच टोपी, तीच दाढी, डाव्या भुवईवरची तीच खूण. मूठ वर उचललेली. खाली काचा. काचांत पडलेली बाई.

ती फळी हातात धरून तशीच उभी राहिली. मग ती टेकवून ठेवली आणि पाटावर बसली. त्या दिवशी तिनं बोहनी केली नाही.

मंडळाचा अध्यक्ष कृष्णात. मौलालीच्या खांद्यावर बसून लहानपणी त्यानं मोहरमच्या पंज्यांची मिरवणूक बघितलेली. दुपारी तो स्वतः सांगायला आला. चेहरा उगं कुणाचा नको, खरा पाहिजे, म्हणून त्यानं तालमीतला मोहरमचा जुना ग्रुप फोटो पोराला दिला होता. आपल्या गल्लीचा माणूस भिंतीवर चाललाय, असं तो म्हणाला. तोंडभर आनंद होता. त्याच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं, आणि तेच खैरुनबीला जड गेलं. वाईट माणसाशी भांडता येतं.

संध्याकाळी ती उठली. नुजहतच्या खांद्यावर हात ठेवून रस्ता ओलांडला. तालमीत बायका जात नाहीत. ती दारात उभी राहिली. आत कृष्णात होता, चित्रकार होता, मंडळाची दोन-चार माणसं होती. आणि कार्यक्रमासाठी पुण्याहून आलेला आक्कांचा मुलगा विश्वजित होता. तोही आता साठीचा. कृष्णातनं खुर्ची दारात आणून ठेवली. ती बसली नाही.

खैरुनबी थोडकंच बोलली. काकणं कशी वाजवतात ते सांगितलं. कागलचा निरोप सांगितला. मौलालीनं आयुष्यात तिच्यावर हात उगारला नाही, हे सांगितलं. रोज सकाळी फळी काढल्यावर त्याला तसा बघणं आपल्याच्यानं व्हायचं न्हाय, असं म्हणाली.

चित्रकार खाली बघत होता. कृष्णातनं डोकं खाजवलं.

"चाची, तुमचं खरंच असणार की. पण पुस्तकात तर तसंच हाय. आणि आक्का खोटं लिहीत नव्हत्या, सगळे म्हणतात."

"व्हय. खोटं न्हाय लिवलं."

"मग मौलालीचाचांनी न्हाय केलं, तर आक्कांनी ते आणलं कुठनं?"

प्रश्न साधा होता. उत्तरही साधं होतं. पन्नास वर्षं ते खैरुनबीकडं होतं.

आक्कांचा निरोप यायचा तेव्हा पंचमी नसायची, संक्रांत नसायची, घरात लग्न नसायचं. तरी निरोप यायचा, काकणं घेऊन ये. आक्कांचे हात नाजूक होते, पानाच्या देठासारखे. त्या हातावर काचेच्या बारीक खुणा असायच्या. ओळीनं, एकाखाली एक. कुणीतरी भरल्या काकणांचं मनगट मुठीत आवळल्याशिवाय तशी ओळ उठत नाही. काही जुन्या, काही ताज्या. खैरुनबी त्या चुकवून काकणं भरायची. माप अर्ध्या बोटानं मोठं घ्यायची, म्हणजे आवळायच्या आत निसटतील. दोघी हवापाण्याचं बोलायच्या.

पुस्तक आल्यावर एकदाच तिनं विचारलं होतं. माझ्या नवऱ्याला तुम्ही असं का केलंत. आक्कांचा हात तिच्या हातात होता. आक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "खैरुन, तो तुझा नवरा न्हवं गं." त्यांनी हात काढून घेतला नाही. उलट बाही वर सरकवली. तिनं बघितलं. त्यांच्या घरात वकीलसाहेबांचा शब्द चालायचा. वकिलाची बायको आपल्या नवऱ्यावर लिहू शकत नव्हती. पायरीवर बसलेला मणेर समोर होता.

मौलालीला सांग, मला माफ कर म्हणावं, असंही त्या म्हणाल्या होत्या. पण ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. खैरुनबीनं घरी येऊन एवढंच सांगितलं, आक्कांनी सलाम सांगितलाय. त्याला बरं वाटलं. तो तसाच गेला.

आता सगळे तिच्याकडं बघत होते. एक वाक्य बोललं की मौलाली भिंतीवरून उतरला असता. आक्का चढल्या असत्या, बाही वर सरकवून. आणि वकीलसाहेब. त्यांचा पोरगा समोर बसला होता.

खैरुनबी म्हणाली, "कुठनं आणलं, ते आक्कांना ठावं. मी काकणं भरायची. पुस्तक मी न्हाय लिवलं."

मग ती खुर्चीवर बसली.

विश्वजित उठला. लहानपणी काकणं भरताना तो आईच्या मांडीला चिकटून बसायचा. खैरुनबी त्याला खेळायला लाखेची फुटकी बांगडी द्यायची. तो तिच्याजवळ आला, पण बोलला चित्रकाराशी.

"मूठ काढून टाका," तो म्हणाला. "मावशी सांगतात तसं काढा. कानाशी धरलेली काकणं."

"पण सर, पुस्तकात..."

"पुस्तक माझ्या आईचं आहे. मी सांगतोय."

त्यानं खैरुनबीकडं बघितलं. तिनंही बघितलं. त्याला ठाऊक होतं. त्याच घरात वाढला होता. दोघांनी नजर काढून घेतली. कृष्णात म्हणाला, बरं, मग तसं. एवढं बोलून तो चहा सांगायला गेला.

भिंत आता पुरी झालीय. मौलाली पायरीवर बसलाय. अंगठ्यात हिरवी काकणं, ती कानाशी धरलेली, डोळे मिटलेले. शेजारी पदरात तोंड घालून बसलेली बाई. चित्र चांगलं झालंय. सकाळी फळी काढली की खैरुनबी त्याच्याकडं बघते. काशिफही कामावर जाताना गाडी हळू करतो.

माणसं येतातच. परवा गारगोटीकडच्या एका कॉलेजची सहल आली. सर चित्रासमोर उभं राहून मुलींना सांगत होते, हा क्षण बघा. वादळापूर्वीची शांतता. पुढच्या क्षणाला तो फोडणार आहे. मुली गंभीर झाल्या. फोटो निघाले.

नुजहत दुकानातच होती. ती उठायला लागली. खैरुनबीनं तिचा हात दाबून तिला खाली बसवलं. राहू दे, म्हणाली. किती जणांच्या मागं धावशील.

त्यातली एक मुलगी रस्ता ओलांडून आली. चप्पल काढून पायरीशी वाकली. बिचकत बिचकत तिनं विचारलं, "आजी, तुम्हीच त्या गुलशन ना?"

खैरुनबीनं चष्मा सारखा केला.

"न्हाय," ती म्हणाली. "मी मौलालीची बायको. ते समोर बसल्यात बघ, ते मौलाली. माल तपासाय लागल्यात."

मुलगी भिंतीकडं बघत राहिली.

"बस. हात दे, माप बघू."

मुलीनं हात दिला. खैरुनबीनं मनगट उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. स्वच्छ होतं. मग तिनं डबा पुढं ओढला, काकणं अंगठ्यात घेतली आणि कानाशी धरली.