कुंपणावरचे करपलेले पातेले

आमच्या प्रौढ साक्षरता वर्गाच्या ओळखपत्रांसाठी छायाचित्रे काढावयास ज्या बाई आल्या, त्यांचा व माझा परिचय त्याच दिवशी झाला. दर वेळी माझे डोळे मिटत होते आणि त्या दर वेळी शांतपणे "पुन्हा एकदा" म्हणत होत्या. त्यांना सर्व लोक फोटोबाई म्हणतात. पुढे त्यांनी मला जी हकिकत सांगितली, ती मी येथे यथामती लिहीत आहे.

फोटोबाईंचे दुकान म्हणजे एक पांढरा पडदा, एक फिरते स्टूल व छत्रीचा दिवा. गिऱ्हाइकाचे दोन्ही कान दिसले पाहिजेत, दात दिसता कामा नयेत, हा तेथील कायदा. त्यांनी आयुष्यभर माणसांचे चेहरे काढले व आयुष्यभर एकच तक्रार ऐकली : "बाई, मी असा दिसतो होय?" जणू नाक त्यांनीच बसविले होते. म्हणून त्यांची एक इच्छा होती. मरण्यापूर्वी आपले एक तरी चित्र असे असावे, की ज्यात कोणी स्वतःचे नाक शोधणार नाही.

अशात नगरपालिकेने बागेच्या कुंपणावर छायाचित्रांचे प्रदर्शन मांडावयाचे ठरविले. अट विलक्षण होती. चित्र अमूर्त असावे, म्हणजे वस्तू कोणती हे कळता कामा नये. कोणत्याही प्रेक्षकाने वस्तू ओळखली, तर चित्र जागच्या जागी उतरविण्यात येईल. फोटोबाई हसल्या. ओळख पटावी म्हणून जन्म घालविलेल्या बाईला आता ओळख लपवावयाची होती.

त्यांनी भिंतीच्या पोपड्यांचे, ओल्या फरशीचे फोटो काढले. यजमान म्हणाले, "हे आपलंच न्हाणीघर आहे, रंग द्यायचा राहिलाय." ते सर्व फोटो बाद झाले.

मग एका दुपारी बादली काढावयास त्या वाकल्या आणि मोरीजवळच्या ओट्याखाली, पोत्याआड, त्यांना एक पातेले दिसले. ते थोरल्या जाऊबाईंचे होते. जाऊबाईंचा लौकिक असा, की त्यांच्या हातून भांडे कधी करपले नाही. हे त्या स्वतःच सर्वांना सांगत असत. परंतु या पातेल्यात दूध असे लागले होते, की तळाशी काळी बेटे, भोवती सोनेरी कडा व त्यांपलीकडे तापलेल्या स्टीलची निळी-जांभळी झाक उमटली होती. फोटोबाईंनी पातेले खिडकीत नेले, दोन थेंब पाणी शिंपडले, उन्हाची तिरीप कडेने येऊ दिली व कॅमेरा अगदी जवळ नेऊन फोटो काढला. पातेले पुन्हा पोत्याआड ठेवले. जाऊबाईंना विचारले मात्र नाही.

चित्र निवडले गेले व दरवाजाएवढे मोठे होऊन कुंपणावर चढले. पहिल्या दिवशी चांगली गर्दी लोटली. एक गृहस्थ म्हणाले, "हा परग्रह आहे." एक मास्तर बराच वेळ उभे राहून म्हणाले, "हा मनुष्याचा एकाकीपणा आहे." फोटोबाई मान डोलवीत होत्या. आयुष्यात प्रथमच त्यांच्या कामात कोणी आपले नाक शोधीत नव्हते.

एवढ्यात जाऊबाई आल्या. चष्मा पुसला, लावला, आणि चित्रातील एका बाजूच्या पोच्यावर त्यांची नजर खिळली. तो पोचा त्यांच्याच हातचा होता.

"अगं बाई! हे तर माझं—"

संयोजक गर्रकन वळले. चित्रे उतरवावयास शिडीवर बसविलेल्या मनुष्याने पेचकस उचलला. "काय ओळखलंत, आजी? तुमचं काय?"

फोटोबाईंच्या तोंडचे पाणी पळाले. एक शब्द, आणि चित्र खाली. जाऊबाईंनी एकदा शिडीकडे पाहिले, एकदा गर्दीकडे. गर्दीत शेजारच्या दोघी होत्या.

"माझं मत!" जाऊबाई म्हणाल्या. "माझं मत विचाराल तर हे वादळ आहे."

"नक्की? तुम्ही यांच्या घरच्या ना? घरात असं काही पाहिलेलं नाही?"

"आमच्या घरात? आमची भांडी आरशासारखी असतात!"

"भांडी? भांड्यांचा विषय कोणी काढला?"

"मी काढला. बायका बोलल्या की भांडी येणारच. तुम्ही ती शिडी सांभाळा, कोणाच्या तरी डोक्यात पडेल."

पेचकस खिशात गेला व फोटोबाईंचा जीव भांड्यात पडला.

घरी परतताना मात्र जाऊबाईंनी कोपऱ्यावर वळताच तोंड सोडले.

"अब्रू वेशीवर टांगतात हे ऐकलं होतं. तू तर मोठी करून टांगलीस!"

"कोणी ओळखलं नाही, जाऊबाई."

"मी ओळखलं ना! आणि वर चारचौघांत खोटं बोलायला लावलंस, या वयात."

"चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर घासून दिलं असतं!"

"म्हणून तर नाही विचारलं."

जाऊबाईंना हसू आवरेना, पण त्यांनी ते खोकल्यावर निभावून नेले. मग म्हणाल्या, "ते मास्तर काय म्हणत होते गं?"

"एकाकीपणा म्हणाले."

"हं. शिकलेला दिसतो." आणि लगेच त्यांनी निश्चय सांगितला. "काही झालं तरी पुरावा घरात नको. उद्या भंगारवाला आला की देऊन टाकते."

फोटोबाई रस्त्यातच थांबल्या व त्यांनी जाऊबाईंचा हात धरला.

"जाऊबाई, ते पातेलं एवढ्यात देऊ नका. त्याची बाहेरची बाजू अजून काढायची राहिली आहे."